तिसऱ्यांदा सैल झालेली दाढ : एका इम्प्लांटचं प्रकरण

वय ६३. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, राहायला लालबागला. तक्रार एका ओळीची : उजवीकडची खालची इम्प्लांटची दाढ हलते. मधुमेह आहे, गोळ्या नियमित, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.४. रक्तदाबाची एक गोळी. मिश्री-तंबाखू नाही, जेवणानंतर सुपारीचं खांड मात्र हवंच. हे प्रकरण बाईंच्या परवानगीने लिहिते आहे आणि त्यांची ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

दुखत नाही, सूज नाही, मग यात लिहिण्यासारखं काय? तर ही दाढ तिसऱ्यांदा सैल झाली होती. आधी दोन वेळा घराजवळच्या एका दवाखान्यात ती घट्ट करून मिळाली, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा शिमग्याच्या सुमारास. दोन्ही वेळी काही महिने बरे गेले. आता गणपती तोंडावर आले होते आणि चिवड्यातला दाणा दाताखाली आला की दाढ गालाकडे कलतेय असं बाईंना जाणवत होतं. मूळ इम्प्लांट सहा वर्षांपूर्वीचं. ते बसवणारे डॉक्टर दरम्यान दवाखाना बंद करून मुलाकडे परदेशी गेलेले.

"डॉक्टर, परवा रात्रीच्या गाडीने आम्ही चिपळूणला निघतोय," खुर्चीत टेकता टेकताच बाईंनी सांगून टाकलं. "तुम्ही फक्त पिळून द्या. बाकीचं आल्यावर बघू."

सोबत आलेल्या मुलाचं म्हणणं निराळं होतं. "मॅडम, एवढे पैसे घातले आणि सहा वर्षांत हलायला लागलं. म्हणजे इम्प्लांट फेलच गेलं ना? आता काढावं लागणार?"

आईला वाटत होतं काम दोन मिनिटांचं आहे, मुलाला वाटत होतं सगळं बुडालं. दोघांचीही कल्पना एकच, की तिथे एक अखंड वस्तू आहे आणि ती हलते आहे. प्रत्यक्षात तिथे एकावर एक चार वस्तू असतात. दिसते ती कॅप. तिच्या आत, हिरडीच्या पातळीला, ॲबटमेंट नावाचा जोड. त्या जोडाच्या पोटातून जाणारा, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा बारीक स्क्रू. आणि सगळ्यांत खाली जबड्याच्या हाडात रुतलेलं टायटॅनियमचं फिक्स्चर. खरं इम्प्लांट म्हणायचं ते हे. यातलं काहीही सुटलं तरी जिभेला लागणारी हालचाल जवळजवळ सारखीच. उपचार मात्र अजिबात सारखे नाहीत. कॅपखालचं सिमेंट सुटलं असेल तर अर्ध्या तासाचं काम. स्क्रू सैल असेल तर दुरुस्ती होते, पण तो का सुटला ते शोधावं लागतं. आणि फिक्स्चरच हलत असेल तर हाडाने त्याला सोडलेलं असतं. ते पिळून घट्ट होत नाही, काढावंच लागतं.

म्हणून पिळायच्या आधी काय हलतंय ते ठरवायचं.

बोटाने दाढ हलवून बघणं फसवं असतं, कारण बोटाचं मांस स्वतःच दबतं. तोंडात घालायच्या आरशाची मूठ एका बाजूने आणि प्रोबची, म्हणजे हिरडीतली खोली मोजायच्या बारीक सळईची, मूठ दुसऱ्या बाजूने लावून, धातूच्या दोन मुठींत कॅप धरून हलवली. जीभ-गाल या दिशेने ती स्पष्ट हलत होती आणि किंचित गोलही फिरत होती, पण वर उचलून येत नव्हती. खाली दाबली की कॅप आणि हिरडीच्या मधल्या फटीतून थुंकीचे बारीक बुडबुडे बाहेर यायचे. दुखतं का विचारलं तर बाईंनी नुसती मान हलवली, नाही. हिरडी लालसर होती, प्रोब लावताच रक्त आलं. हिरडी आणि दाढेच्या मधल्या खाचेची खोली बहुतेक ठिकाणी ४ मिलिमीटर, जिभेकडे एका जागी ५. पू नव्हता.

सिमेंट सुटलेलं असतं तर कॅप वर उचलली गेली असती. फिक्स्चर सुटलेलं असतं तर दाबल्यावर बहुधा दुखलं असतं, कारण तेव्हा धातू आणि हाड यांच्या मध्ये मऊ पेशींचा थर तयार झालेला असतो आणि दाब त्यावर येतो. गोल फिरणं आणि बुडबुडे या दोन्ही खुणा स्क्रूच्या. आत पोकळी झालेली असते, तिच्यात थुंकी शिरते आणि दाबलं की बाहेर येते. तरी 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवते. अजिबात न दुखता हलणारी फिक्स्चर्स पाहिलेली आहेत. एक्स-रे काढल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

आधीच्या दोन्ही वेळी एक्स-रे काढलाच नव्हता, असं बाई म्हणाल्या. वरून कॅपला भोक पाडलं, पिळलं, भोक बुजवलं, घरी पाठवलं.

आम्ही छोटा डिजिटल एक्स-रे, म्हणजे आरव्हीजी काढला. इम्प्लांटच्या एक्स-रेत आधी एक गोष्ट बघायची असते : फिक्स्चरचे आटे दोन्ही कडांना स्वच्छ दिसताहेत का? दिसत असतील तर किरण सरळ पडलेत. एका कडेचे आटे पुसट असतील तर फिल्म तिरकी आहे, आणि तिरक्या फिल्ममध्ये जोडातली फट झाकली जाते. पहिली फिल्म तिरकी आली, दुसरी सरळ. तिच्यात हाड फिक्स्चरला पहिल्या आट्यापर्यंत चिकटलेलं होतं आणि फिक्स्चरच्या भोवती काळी रेषा कुठेच नव्हती. काळी रेषा होती ती वर, फिक्स्चर आणि ॲबटमेंटच्या जोडात. केसाएवढी, तीही एकाच बाजूला.

पहिल्या आट्यापर्यंत हाड उतरणं चांगलं की वाईट, हे एका फिल्मवरून सांगता येत नाही. कॅप बसल्यावर पहिल्या वर्षात हाड थोडं खाली जातंच. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी घट, हा १९८६ सालापासून वापरात असलेला निकष आहे. म्हणजे जुनी फिल्म हवी. इथे बाईंचं शिक्षकी वळण कामाला आलं. मुलाला घरी पिटाळून त्यांनी प्लास्टिकचं फोल्डर मागवलं. विम्याच्या पावत्या आणि पेन्शनच्या कागदांमध्ये सहा वर्षांपूर्वीच्या फिल्मची छापील प्रत निघाली. तिच्यातही हाड साधारण त्याच जागी होतं. आणि त्या प्रतीच्या पाठीवर चिकटवलेला होता इम्प्लांटच्या खोक्यातला स्टिकर : कंपनी, व्यास ४.२ आणि लांबी १० मिलिमीटर, लॉट नंबर.

या स्टिकरवर थोडं थांबते, कारण रुग्णांना तो कचरा वाटतो आणि बऱ्याच दवाखान्यांत तो रुग्णाला दिलाच जात नाही. आपल्या बाजारात स्वीडिश, स्विस, कोरियन, इस्रायली, देशी अशा पुष्कळ कंपन्यांची इम्प्लांट्स आहेत. प्रत्येकीचा जोड निराळा, स्क्रूचा आटा निराळा, स्क्रूच्या डोक्यातली खाच निराळी. कुणाची षटकोनी, कुणाची चांदणीसारखी. चुकीचा स्क्रूड्रायव्हर घातला की खाच गोल होते आणि मग स्क्रू ना घट्ट होतो, ना निघतो. स्टिकर नसेल तर एक्स-रेतल्या आकारावरून अंदाज बांधत, पाच ड्रायव्हर घालून बघत बसावं लागतं. सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात जा, नाहीतर माझ्यासारखीच्या दादरच्या दवाखान्यात या, पहिला प्रश्न हाच येतो की कंपनी कुठली? स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी पुरतो.

आणखी एक चौकशी केली, जी बाईंना अस्थानी वाटली : हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन कधी चालू होतं का? नव्हतं, फक्त कॅल्शियम. त्या औषधांवर असलेल्या माणसाच्या जबड्यात शस्त्रक्रिया केली तर जखम भरून यायला त्रास होऊ शकतो. फिक्स्चर काढायची वेळ आलीच असती तर हे आधी माहीत असणं भाग होतं.

मग कॅप उघडली. आधीच्या वेळी पाडलेलं भोक वरून पांढऱ्या सिमेंटने बुजवलेलं होतं. ते कोरल्यावर खाली कापसाचा बोळा निघाला. काळपट, आणि त्याला असा वास की सहायिकेने न सांगता सक्शन जवळ आणलं. कापूस थुंकी शोषतो आणि आत कुजतो. आता स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉनची पट्टी दाबायची पद्धत आहे, ती कुजत नाही. ड्रायव्हरला दोरा बांधला आणि घशापाशी गॉजचा तुकडा पसरला. एवढीशी वस्तू निसटून पोटात गेली तर बहुतेक वेळा निभावतं, श्वासनलिकेत गेली तर रुग्णाला थेट हॉस्पिटलात हलवावं लागतं. घरी दाढ चिकटवायचा खटाटोप करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. बाईंना शेजारणीने झटपट चिकटणारा गोंद सुचवला होताच. तो तोंडात टिकत नाही, हिरडी भाजतो आणि जोड कायमचा खराब करून ठेवतो.

स्क्रूने काही प्रतिकार केलाच नाही. दोन बोटांत धरलेल्या ड्रायव्हरने तो सहज फिरत वर आला, पाठोपाठ कॅप आणि ॲबटमेंट एकत्रच हातात आले. लूपमधून, म्हणजे भिंगाच्या चष्म्यातून, पाहिलं तर स्क्रूच्या खालच्या आट्यांच्या धारा बोथट होऊन चकाकत होत्या. डोक्यातल्या षटकोनाचे दोन कोपरे गोल झालेले. ॲबटमेंटच्या तळाच्या एका बाजूला घासल्याचा झिलईदार पट्टा होता, दुसरी बाजू नव्यासारखी. म्हणजे जोड एकाच अंगाला उघडमीट होत होता, आणि एक्स-रेतली केसाएवढी रेषा त्याच अंगाला होती.

आता फिक्स्चर उघडं पडलं होतं, तेव्हा त्यालाच विचारता येत होतं. त्याच्यावर लांब मुठीचा दांडा बसवून चारही दिशांना दाबलं, हललं नाही. मुठीने टिचकी मारली तर खणखणीत आवाज आला. सुटलेल्या फिक्स्चरचा आवाज बद्द येतो. आतल्या आट्यांत नवा ड्रायव्हर-पिन हलक्या हाताने घातला, तो अडखळला नाही. मुलाला बोलावून स्क्रीनवर दोन्ही फिल्म शेजारी शेजारी दाखवल्या. "हे हाडातलं जे आहे ना, ते तुमच्या आईंच्या बाकीच्या दातांपेक्षा घट्ट आहे," असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "मग घट्ट असूनही दर चार-सहा महिन्यांनी हे का सुटतंय?"

योग्य प्रश्न. हा प्रश्न आधीच विचारला गेला असता तर बाईंच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

कुकरच्या मुठीचा स्क्रू जसा अधूनमधून पिळावा लागतो, तसंच हेही आहे असा समज आहे. पण नीट बसवलेला इम्प्लांटचा स्क्रू असा सारखा सुटत नसतो. त्याला कंपनीने सांगितलेल्या जोराने पिळायचं असतं, या कंपनीचा आकडा ३० न्यूटन-सेंटिमीटर. तेवढा जोर दिला की स्क्रूचा दांडा किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीला परत जाऊ पाहतो. त्या ओढीने ॲबटमेंट फिक्स्चरवर दाबून धरलं जातं. स्क्रू स्वतः भार घेत नाही, दोन भागांना एकत्र धरून ठेवतो एवढंच. बोटांनी पिळून ही ओढ पुरेशी येईलच याचा भरवसा नाही, त्यासाठी आकडे असलेलं टॉर्क रेंच लागतं. शिवाय नव्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे दबले की ओढ थोडी ढिली पडते, म्हणून दहाएक मिनिटं थांबून पुन्हा तेवढ्याच जोराने पिळायचं. आणि एकदा सैल होऊन, हलत राहून थकलेला स्क्रू परत वापरायचा नाही. त्याचे आटे दबलेले असतात, तो हवा तसा ताणलाच जात नाही. बाईंच्या दाढेत सहा वर्षांपूर्वीचाच स्क्रू दोनदा पिळून ठेवला होता. दोन्ही वेळी टॉर्क रेंच वापरलं का, याची नोंद कुठेच नव्हती.

पण नुसता स्क्रू दोषी मानला असता तर नवा घालून आम्हीही चौथ्या फेरीची सोय करून ठेवली असती. पहिल्यांदा तो सुटला तेव्हा तर तो आधी कधी सैल झालेला नव्हता, त्याचं वय काय ते पाच वर्षांचं.

कॅप हातात धरून बाजूने पाहिली. ॲबटमेंट कॅपच्या मध्यावर नव्हतं, मागच्या बाजूला सरकलेलं होतं. इम्प्लांट बसवताना हाड जिथे चांगलं मिळालं तिथे, थोडं मागे बसवलेलं. पुढच्या अंगाला शेजारी असलेल्या दातापर्यंतची जागा भरायला कॅप पुढे लांबवलेली. त्या लांबवलेल्या भागावर घास चावला की कॅप पुढे झुकायची आणि जोड मागून उघडू पाहायचा. झिलईचा पट्टा आणि काळी रेषा दोन्ही त्याच हिशेबात बसत होत्या. वर कॅप जीभ-गाल दिशेलाही खऱ्या दाढेइतकी रुंद आणि उंच टोकांची, म्हणजे आडवा दाब आणखी वाढवणारी.

मग बाकीचं तोंड. डावीकडच्या खालच्या दोन दाढा कधीच काढलेल्या, तिथे काहीच बसवलेलं नाही. म्हणजे बाईंचं सगळं चावणं उजवीकडेच, भाकरीपासून सुपारीपर्यंत. पुढच्या दातांच्या कडा झिजून सपाट झालेल्या, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. रात्री दात खाता का विचारलं तर बाई ठामपणे नाही म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "बाबा असतानाही सांगायचे. आम्हाला शेजारच्या खोलीत ऐकू येतं."

खरा दात असता तर त्याने काही अंशी तक्रार केली असती. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यामुळे दात दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दबतो आणि त्या पडद्यातल्या संवेदनांमुळे आपण जोर आवरतो. इम्प्लांटला तो पडदा नाही. ते हाडाला थेट जुळलेलं असतं, ३ ते ५ मायक्रॉनपलीकडे दबत नाही आणि माणसाला जोर जास्त झाल्याचं पुरेसं कळत नाही. टायटॅनियम हाडाशी असं एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कनी दाखवलं, १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी ते बसवलं, आणि इम्प्लांटचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हाड आपलं काम चोख करतं, त्यामुळे ओढाताणीत जो भाग सगळ्यांत बारीक तो आधी हार मानतो. बाईंच्या दाढेत स्क्रू सुटला हे एका परीने बरंच झालं. तो सुटला नसता तर मोडला असता. फिक्स्चरच्या आत मोडलेला स्क्रूचा तुकडा काढणं हे डोळ्यांचं आणि सहनशक्तीचं काम असतं आणि दर वेळी जमतंच असं नाही.

आता प्रश्न चिपळूणचा. सप्लायरचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कंपनीचा नवा स्क्रू आणि हीलिंग कॅप, म्हणजे फिक्स्चरचं तोंड तात्पुरतं झाकणारं झाकण, दोन्ही घेऊन आला. मुलाचं म्हणणं साधं होतं : नवा स्क्रू आहे, रेंच आहे, जुनी कॅप बसवून द्या, गणपती होऊ देत. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होतं आणि तसं करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मी नको म्हटलं. हिरडी सुजलेली होती, कॅपचा आकार तोच होता, आणि गावी दहा दिवस घरात पाहुणे, फराळ, रोज उजव्याच बाजूने चावणं. मध्येच सुटली तर त्या कंपनीचा ड्रायव्हर तिथल्या दवाखान्यात असेलच असं नाही. तशीच सैल कॅप घेऊन बाई चावत राहणार, कारण त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत, आणि मग मोडलेला स्क्रू घेऊन परत येणार.

बाई रुसल्या. "म्हणजे मी फट घेऊन जाऊ? भावजया विचारतील." खालची मागची दाढ, हसताना दिसतही नाही, हे आरशात दाखवल्यावर थोड्या नरमल्या. फिक्स्चर आतून-बाहेरून धुऊन स्वच्छ केलं, हिरडीभोवतीचा थर काढला आणि बोटांच्या जोराने हीलिंग कॅप बसवली. हिरडीशी जवळजवळ सपाट, छोट्या बटणाएवढी. सूचना मोजक्याच : आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या चुळा, त्या बटणावर मऊ ब्रश फिरवायचा, सुपारी बंद. बटण निघालं तर डबीत ठेवून लगेच फोन, कारण हिरडी थोड्या दिवसांतच भोकावर चढू लागते. करंज्या-लाडू चालतील, चकली डावीकडच्या पुढच्या दातांनी तोडून मऊ करून.

परत आल्या तेव्हा हिरडी गुलाबी होती आणि प्रोबला रक्त येत नव्हतं. नव्या कॅपसाठी माप घेण्याआधी त्या शेजारच्या पुढच्या दाताला मागच्या अंगाने थोडं दातरंगी सिमेंट चढवून फट लहान केली. साधी, स्वस्त गोष्ट आहे, पण तिच्यामुळे नवी कॅप पुढे लांबवायची गरज उरली नाही. कॅप अरुंद करून घेतली, टोकं बसकी. वरून स्क्रूने बसणारी, म्हणजे पुन्हा कधी उघडायची झाली तर भोक शोधत कोरायला नको, आणि हिरडीखाली उरलेलं सिमेंट दाह करील ही भीतीही नाही. नवा स्क्रू, ३० चा जोर, मधली दहा मिनिटं बाईंनी नातवाच्या मराठीच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगण्यात घालवली, पुन्हा ३०. सरळ फिल्म : जोडात रेषा नाही. वर टेफ्लॉन, त्यावर सिमेंट.

चावा जुळवणं हा भाग सगळ्यांत वेळखाऊ होता. ८ मायक्रॉनची चंदेरी पट्टी दाढांमध्ये धरायची. हलकेच दात मिटले की शेजारच्या खऱ्या दातांनी पट्टी पकडायला हवी आणि इम्प्लांटच्या कॅपवरून ती सरकून निघायला हवी. जोराने आवळले की मग कॅपने पकडायची. खरे दात दबतात, इम्प्लांट दबत नाही, तो फरक इथे भरून काढायचा असतो. जबडा बाजूला सरकवताना कॅपवर चाव्याच्या खुणा उमटवणाऱ्या निळ्या कागदाचा एकही ठिपका उमटू द्यायचा नाही.

मुलाने मध्येच आधीच्या दवाखान्यावर ग्राहक आयोगात जायचा विषय काढला. माझं मत त्याला सांगितलं : स्क्रू सैल होणं ही इम्प्लांटची ठाऊक असलेली अडचण आहे, तेवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. जुना स्क्रू पुन्हा वापरणं आणि एक्स-रे न काढणं यावर बोलता येईल, पण आधी त्यांच्याकडून कागद मागा, काय केलं ते लेखी घ्या. बाईंनी विषय तिथेच मिटवला. कंपनीच्या गॅरंटीचंही असंच. ती बहुधा फिक्स्चरच्या बदल्यात फिक्स्चर देण्यापुरती असते, कॅप, स्क्रू, डॉक्टरांची मेहनत यात क्वचितच येते.

रात्री लावायचं नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं संरक्षक कवच, दिलं. डावीकडे इम्प्लांट नकोच, असं बाई तेव्हा म्हणाल्या. हे टिकलं तर बघू. म्हणून काढता-घालता येणारा दोन दाढांचा तुकडा करून दिला.

वर्षभरानंतरच्या तपासणीत दाढ जागची हललेली नव्हती. हाड फिल्ममध्ये होतं तिथेच, खोली ३ ते ४, रक्त नाही. स्क्रू विनाकारण उघडून पिळून बघितला नाही. चावा मात्र थोडा बदलला होता, पट्टी हलक्या चाव्यातच अडकत होती, म्हणून कॅप जराशी घासून गुळगुळीत केली. नाइट गार्डवर झिजेच्या रेघा दिसल्या, म्हणजे वापरतात, रोज नसेल. सुपारी सुटली असं सांगतात, मुलगा हसतो. डावीकडचा तुकडा जेवताना काढून ठेवतात आणि लग्नाकार्याला लावतात, म्हणजे नेमकं उलट, आणि उजव्या दाढेवरचा भार होता तेवढाच आहे. हे सांगितल्यावर डावीकडे इम्प्लांट बसवायला बाई आता तयार झाल्या आहेत. तिथल्या हाडाचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, झाला, रुंदी पुरेशी आहे. एचबीएवनसी मला ७ च्या आसपास हवं आहे, त्यांच्या फिजिशियनना तसं पत्र दिलंय. तोवर तो तुकडा जेवताना लावायचा, यावर आमची दर भेटीत वादावादी चालू आहे.